कॉइलमधली वात

चोपड्याच्या भागात मोटार जळाली, की शेतकरी आधी लाइटीला चार शिव्या घालतो आणि मग मोटार गाडीवर टाकून अभिमन मिस्तरीच्या ओट्यावर आणून आदळतो. केळीला पाण्याचा खाडा चालत नाही, म्हणून ज्याला त्याला घाई. मिस्तरीला घाई नसते. तो मोटार उघडतो, नाक आत घालतो आणि वासावरून सांगतो, की वाइंडिंग पार गेलं की नुसती एक कॉइल भाजली. लोक म्हणतात, अभिमनचं नाक मीटरपेक्षा खरं. आता याच नाकानं पुढं कसा घोटाळा केला, ते सांगतो.

मिस्तरीची बायको सुमनबाई जाऊन वर्ष उलटलं. एकुलता पोरगा नवल दुबईला, मोठमोठ्या इमारतींच्या एसीच्या कामावर. मातीला येणं त्याला जमलं नाही. सुट्टी, तिकीट, साहेबाची सही, सगळं जुळेपर्यंत इथं राख सावडून झाली होती. चुलतभावानं मोबाइल धरला, तेवढंच त्यानं पाहिलं. तेव्हापासून बापलेकांचं फोनवर बोलणं व्हायचं, पण ते कसलं बोलणं? जेवला का, जेवलो. थंडी पडली का, पडली. सुमनबाईचं नाव दोघांपैकी एकानंही काढलं नव्हतं.

नवल बापाला आबा म्हणतो, तर आपणही आबाच म्हणू. आबांच्या मनात एकच धरून ठेवलेलं होतं. पोरगा येईल, शेजारी बसेल, मग दोघं मिळून एकदा तिच्याबद्दल बोलू. फोनवर रडलेलं बरं दिसत नाही. शेवटच्या दिवशी ती काय म्हणाली, कुणाला हाक मारली, हे आबांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, नवलसाठी राखून ठेवलं होतं. बाकी त्या घरात उरलं होतं काय? म्हातारा आणि भिंती. एकटा पडला होता तो, उगाच गोड करून कशाला सांगा.

हो, आणि एक वातींचा डबा होता. सुमनबाईनं लाख वातींचा नेम धरला होता. दुपारची कामं आटोपली, की सरकी काढलेला घरचा कापूस घेऊन बसायची आणि मांडीवर वाती वळायची. नेम पुरा झाला नाही, तुपाचा एक पत्र्याचा डबा तेवढा अर्धा भरून राहिला. रोज संध्याकाळी आबा देवापुढं त्यातलीच वात लावत, पण जीव मुठीत धरून. एकच वात दिवसेंदिवस पुरवायची. काजळी चिमटीनं खुडायची, वात जरा पुढं सरकवायची, पुन्हा लावायची. शेजारची पुष्पाबाई एकदा म्हणाली, की आबा, मी वळून देते ना, कापसाला काय तोटा आहे आपल्याकडं? आबांनी पुढचं पुढं बघू म्हणून तिला वाटेला लावलं.

तर नवल आला. भर थंडीत, तीन आठवड्यांची सुट्टी घेऊन. आबांनी स्वतः वांगी भाजली, भरीत केलं, पुष्पाबाईकडून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी करून आणल्या. पोरगा पोटभर जेवला, हात धुतला आणि म्हणाला, जरा पाय मोकळे करून येतो. ते पाय मोकळे करायला तो गेला कुठं? गच्चीवर. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. जेवण झालं की जिना. खाली आबा आरामखुर्चीसमोर दुसरी खुर्ची मांडून बसायचे, आणि वरून खरबुजासारखा गोड वास उतरत यायचा.

पुष्पाबाईनं विचारलंच, की तुमच्याकडं संध्याकाळची कसली अगरबत्ती लागते? आबा म्हणाले, दुबईची आहे. बाई खुदकन हसली आणि पदर तोंडाला लावून घरात गेली. तिलाही कळलं होतं, साऱ्या आळीला कळलं होतं. ते वाफेचं यंत्र, ज्याला पोरं वेप म्हणतात. आपल्या देशात त्याला बंदी आहे, हे आबांनी पेपरात वाचलं होतं. पोरगा ते सामानात लपवून घेऊन आला होता आणि लपवून ओढत होता.

लपवलं कुठं होतं, हेही आबांना पहिल्याच दिवशी ठाऊक. गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली विटांच्या मध्ये एक खोबण आहे. तरुणपणी आबांच्या बिड्या तिथंच असायच्या. बापापासून वस्तू लपवायची जागा त्या घराण्यात एकच.

आणि तरी आबा जिना चढायचे तेव्हा तिसऱ्या पायरीवर मोठ्यानं खाकरायचे. आबांचे वडील चिंधा नानाही असेच खाकरायचे. खाकरणं ऐकलं की वरचा माणूस बिडी विझवतो, हात मागं घेतो आणि आभाळाकडं बघत उभा राहतो. बापाला माहीत असतं. आपल्या बापाला माहीत आहे, हे पोरालाही माहीत असतं. पण ते दोघांच्या मध्ये ठेवायचं नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची. चिंधा नाना मरेपर्यंत अभिमननं त्यांच्यासमोर बिडी ओढली नाही. उलट नानांची चिलीम मात्र रोज अभिमन भरायचा. धाकट्यानं थोरल्याची चिलीम भरायची, ती साफ करायची, तोंडाला धरायचं फडकं, ती छापी, ओली करून द्यायची. ही रीत होती. आता हे ध्यानात ठेवा, कारण आबांच्या ध्यानात राहिलं नाही.

पहिला आठवडा असाच गच्चीनं खाल्ला. मग एका संध्याकाळी वरून वेगळाच वास आला. आबांचं नाक ताठ झालं. गोडव्याच्या खाली जळका कापूस. दोन-तीनदा खोकला ऐकू आला, मग काहीतरी आपटल्याचा आवाज, आणि नवल खाली उतरला. आबा मनात म्हणाले, भाजली कॉइल.

खोटं कशाला बोला, आबांना आनंद झाला. पोरगा समोरच्या खुर्चीत येऊन बसला होता. पहिल्या दिवशी दोघांनी मिळून टीव्ही पाहिला. दुसऱ्या दिवशी नवलनं ओट्यावरच्या एका मोटारीत डोकं घातलं, तारेचा गेज विचारला, लहानपणी बॉबिनला तार गुंडाळताना बोट कापलं होतं त्याची आठवण काढली. कितीतरी दिवसांनी त्या घरात कोणी हसलं. आबांनी पुष्पाबाईला हाक मारून शेवभाजीसाठी शेव आहे का विचारलं, म्हणजे बघा.

पण पोरगा सुखात नव्हता. गुडघा सारखा हलायचा. बोटं खिशात जायची, रिकामी बाहेर यायची. बोलता बोलता मध्येच उठून दारापर्यंत जायचा आणि परत यायचा. तिसऱ्या संध्याकाळी आबा दिवा लावत होते, काजळी खुडून वात पुढं घेत होते, तेव्हा नवल मागून बघत उभा होता. एकदम म्हणाला,

“आबा, माय शेवटले...”

आबांचा हात वातीवरच थांबला. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते शब्द आले होते. ते वळले. नवलचा हात खिशात गेला होता आणि खिशात काही नव्हतं. त्यानं मान झटकली, घशातल्या घशात काहीतरी म्हणाला आणि चपला पायात सरकवून थेट चौकाकडं निघून गेला. तास गेला, आला तो पान खाऊन.

आबांनी त्यावरून एक हिशेब मांडला, आणि तो साफ चुकला. त्यांना वाटलं, पोराच्या जिवाला चैन नाही म्हणून गोष्ट गळ्यात अडकते. ते यंत्र चालू झालं, जीव ठिकाणावर आला, की राहिलेलं वाक्य तो पुरं करेल. आता तुम्ही म्हणाल, यंत्र चालू झालं तर पोरगा पुन्हा गच्चीवर जाणार, एवढं कळू नये? कळलं होतं. पण जळलेली कॉइल डोक्यावर, आपल्याच घराच्या गच्चीवर पडली आहे, आणि आपण वाइंडिंगवाले असून खाली स्वस्थ बसलो आहोत, हेही त्यांना सोसवेना. आयुष्यभराची खोड ती. सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच.

दुसऱ्या दिवशी नवल मित्राला भेटायला सकाळच्या गाडीनं धुळ्याला गेला. गाडी सुटली असेल-नसेल तोच आबा जिन्यावर. आणि तिसऱ्या पायरीवर सवयीनं खाकरले. मग स्वतःवरच चिडून वर गेले.

खोबणीत पायमोजा, पायमोज्यात यंत्र आणि रसाची बाटली. आबांनी ते ओट्यावर आणलं, पांढरं फडकं अंथरलं आणि चष्मा लावला. खाली बॅटरी, त्यावर काचेची छोटी टाकी. टाकी फिरवून काढली तर आत दोन बारीक स्क्रू आणि त्यांच्या मध्ये पेनाच्या स्प्रिंगएवढी कॉइल. आबांना हसूच आलं. जन्मभर ज्या वेढ्यांशी खेळलो, तेच इथं बाळ होऊन बसले होते. कॉइलच्या पोटात कापूस होता, पार कोळसा झालेला, आणि तारेवर रसाची काळी खरपूड बसली होती. तार तुटली नव्हती. कापूस सुकला, तारेनं त्यालाच भाजलं, इतकंच दुखणं.

चिमट्यानं त्यांनी जळका कापूस ओढून काढला. मग बटण दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. तार लाल झाली, खरपूड तडतडली आणि राख होऊन सुटली. लाली मधून सुरू होऊन दोन्ही कडांना सारखी गेली पाहिजे. इथं एका कडेला आधी पेटत होती, म्हणून गार झाल्यावर टोकदार सळईनं वेढे जरासे सारखे केले. जुन्या टूथब्रशनं हळू घासलं, कोमट पाण्यात बुडवलं, फुंकर मारून वाळवलं. काच धुतली. हवेची भोकं पिनेनं मोकळी केली. रबराच्या रिंगा पुसून त्यांना रसाचं बोट लावलं, म्हणजे टाकी गळणार नाही.

आता कापूस. घरात मोटारीच्या कामाचा कापूस होता, पण त्याला वॉर्निशचा वास. दवाखान्यातल्या गुंडाळीला औषधाचा. हे पोराच्या छातीत जायचं होतं. आबांनी दोन्ही कापूस परत ठेवून दिले. मग उठले, हात धुतले, देवाच्या फळीवरचा डबा काढला आणि त्यातली एक वात उचलली.

वात अर्धी कापली. सुमनबाईचा पीळ घट्ट असायचा, तो उलटा फिरवून सोडवला. कापूस पाण्यात उकळला, उन्हात वाळवला, बोटांनी पिंजला. पहिल्यांदा जाड घेतला तर तारच ओढली जाऊ लागली. पातळ घेतला तर सैल. कापूस ओढताना हाताला किंचित अडला पाहिजे आणि तार मात्र हलता कामा नये, हे त्यांना तिसऱ्या खेपेला उमगलं. शेंडे कापले, खाली खोचले, वरून रसाचे थेंब सोडले आणि कापूस भिजेपर्यंत वाट पाहिली. सुमनबाई असती तर एका खेपेत जमवलं असतं, असं ते मोठ्यानं म्हणाले. घरात ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून म्हणता आलं.

आणि चालवून पाहिल्याशिवाय काम गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं नाही, हा मिस्तरीचा नियम. आबांनी दार लोटलं आणि एक झुरका मारला. खरबूज, थंडगार, आणि जळकं काही नाही. डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकले आणि खोकता खोकता हसले. मग पुसून, पायमोज्यात घालून, जसं होतं तसं टाकीखाली ठेवून आले. एवढं सगळं केलं शहाण्यानं, आणि ओट्यावरच्या फडक्यावर चिमटा, मीटर आणि उरलेली अर्धी वात तशीच राहिली.

संध्याकाळी नवल परतला, जेवला. अजून एकदा बघू म्हणून असेल, पण गच्चीवर गेला. आबा खुर्चीत कान टवकारून. वरून बटणाचा बारीक आवाज आला. मग खरबुजाचा वास, स्वच्छ. पुन्हा एकदा आला. आबांनी खुर्चीच्या हातावर समाधानानं बोटं वाजवली. आता येईल खाली, आता बोलेल.

चपला खरंच लगेच खाली आल्या. नवल ओट्यावर थांबला. फडक्याकडं त्याची नजर गेली, त्यानं ती अर्धी वात उचलली आणि हातात धरून आत आला. चेहरा उतरलेला.

“आबा, हाई तुम्ही कयं?”

मीच केलं, अशी आबांनी मान हलवली.

“मायनी वात शे ना हाई?”

आता इथं काहीतरी बोलायचं होतं. इथंच बोलायचं होतं. वर्षभर राखून ठेवलेलं सगळं जिभेच्या टोकावर होतं. पण आबांच्या तोंडून निघालं ते जन्मभर प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारलेलं वाक्य.

“बराबर चालस का?”

नवलनं मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दहा वर्षं परदेशात राहिलेला, मिशा आलेला माणूस, शाळेतल्या पोरासारखा पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत उभा राहिला. वात त्यानं अलगद टेबलावर ठेवली आणि आतल्या खोलीत जाऊन पडला. वर गच्चीवर गेला नाही आणि समोरच्या खुर्चीतही बसला नाही.

तेव्हा आबांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चिलीम! थोरल्याची चिलीम धाकटा भरतो. इथं बापानं पोराची चिलीम उघडली, धुतली, मेलेल्या आईच्या हातची वात घालून भरली, वर ओढूनही पाहिली आणि विचारलं, चालते का बरोबर? मूठ उघडी पडली होती, आणि ती पोरानं नव्हे, बापानं उघडली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता पोरगा बापाच्या डोळ्याला डोळा कसा देणार? आणि डोळ्याला डोळा न देता आईबद्दल कसा बोलणार?

आबांनी खोलीच्या दाराशी जाऊन दोनदा हाक मारायचा विचार केला. दोन्ही वेळा नुसतेच खाकरले.

सकाळी नवल म्हणाला, की धुळ्याच्या मित्राकडं थोडं काम निघालं आहे, तिथंच राहीन, आणि तिथून परस्पर मुंबईला विमानाला जाईन. सुट्टी अजून बरीच बाकी होती. आबा म्हणाले, बरं. कसलं काम, हे विचारलं नाही. विचारलं असतं तर पोराला खोटं बोलावं लागलं असतं. पुष्पाबाईनं शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. नवलनं देवापुढं हात जोडले, बराच वेळ एकटाच आत उभा राहिला आणि बॅगेची चेन लावत बाहेर आला. स्टँडवर गाडी लागली तेव्हा बापाच्या पाया पडला. आबांचा हात पोराच्या डोक्यावर जरा जास्त वेळ राहिला. कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी धुळ्याच्या रस्त्याला लागली.

दिवस कसाबसा गेला. एक मिक्सर दुरुस्तीला आला, त्यात दुपार काढली. दिवेलागणीला आबांनी हातपाय धुतले आणि देवासमोर आले. निरांजनातली वात संपत आली होती, काजळी खुडायलाही काही उरलं नव्हतं. नवी घ्यावी म्हणून फळीवर हात नेला. डबा नव्हता.

आधी संताप आला. उंदरांनी पाडला का? पुष्पाबाईनं हलवला का? खालची फळी पाहिली, पाटाखाली पाहिलं. मग पुन्हा वर हात फिरवला तेव्हा डब्याच्या जागी काहीतरी मऊ लागलं. पायमोजा होता. आत ते यंत्र होतं. टाकी धुऊन कोरडी केलेली, तार स्वच्छ, आणि तारेच्या पोटात घातलेली ती अर्धी वात काढून नेलेली. टेबलावर ठेवलेली उरलेली अर्धीही कुठं दिसेना.

आबा पाटावर बसले. रिकामं यंत्र हातात. एवढ्या वाती घेऊन गेला पोरगा. तिकडं त्याच्या खोलीत तो देव मांडणार नव्हता की दिवा लावणार नव्हता, हे आबांना पक्कं माहीत होतं. आठ माणसांच्या खोलीत कॉटखालच्या बॅगेत तो डबा पडून राहणार होता. सुमनबाई गेली तेव्हा पोराच्या वाट्याला काहीच आलं नव्हतं, ना चेहरा, ना राख. आता आलं. आबांना रडू फुटलं. वर्षभराचं होतं ते, आणि ज्याच्यासोबत रडायचं होतं तो धुळ्यात पोचला होता.

बाहेर अंधार पडला. निरांजन तसंच. पुष्पाबाईकडं वात मागता आली असती, पण मग डबा कुठं गेला ते सांगावं लागलं असतं.

फोन वाजला. नवल होता. पोचलो म्हणाला. जेवला का, जेवलो. थंडी आहे का, आहे. आणि मग त्यानं कधी न विचारलेली गोष्ट विचारली. ही गोष्ट त्या घरात फक्त सुमनबाई विचारायची, संध्याकाळी, कुठूनही आली तरी दारातूनच.

“आबा, दिवाबत्ती व्हयनी का?”

आबांनी अंधाऱ्या देवाकडं पाहिलं, फळीवरच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. मग सवयीनं आधी खाकरले. या खेपेला त्यांना बरोबर कळलं, माहीत असलेलं काय बोलायचं आणि काय झाकून ठेवायचं ते.

“व्हयनी,” ते म्हणाले.

“बरं,” नवल म्हणाला, आणि दोघांपैकी एकानंही फोन ठेवला नाही.